घरी ५ वॅटचा ट्यूब गिटार ॲम्प्लिफायर: ट्रान्सफॉर्मर कोल्हापुरातच गुंडाळून घ्यावा का?

सहातारी (मंगळवार पेठ, कोल्हापूर):

नमस्कार. मी एका वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि फावल्या वेळात गिटारचे पेडल बनवतो. सोल्डरिंगचा हात बरा आहे. मात्र आजवर ९ व्होल्टच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. 'बुटीक' या नावाने विकले जाणारे, हाताने वायरिंग केलेले ट्यूब ॲम्प्लिफायर परदेशातून मागवायचे म्हटले, तर मूळ किमतीवर आयात शुल्क आणि लोखंडाच्या वजनाचे भाडे चढून तो आकडा माझ्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील चॅम्पचे ५एफ१ हे सर्किट स्वतःच बांधावे, असे ठरवतो आहे. त्यात सिग्नल वाढवणारी एक १२एएक्स७, स्पीकर चालवणारी एक ६व्ही६ आणि रेक्टिफायर (ए.सी.चे डी.सी. करणारी) म्हणून ५वाय३ अशा तीनच ट्यूब, म्हणजे रेडिओवाल्यांच्या भाषेत व्हॉल्व्ह, आहेत.

काही शंका आहेत. आमच्या माळ्यावर आजोबांच्या काळातील दोन व्हॉल्व्हचे रेडिओ पडून आहेत; त्यांतील ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब वापरता येतील का? ते जमत नसेल, तर उद्यमनगरात ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत; परंतु त्यांचे नेहमीचे काम स्टॅबिलायझर आणि मशीनच्या कंट्रोल पॅनेलचे, तेव्हा गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा) त्यांच्याकडून करून घेणे शहाणपणाचे ठरेल का? आणि ५ वॅट पुरतील, की १५ वॅटचे, दोन ६व्ही६ असलेले ५ई३ डीलक्स करावे? घर पेठेत आहे आणि शेजाऱ्यांची भिंत ती आमचीच भिंत, हे लक्षात घेऊन सांगावे.

जुना व्हॉल्व्हवाला (शुक्रवार पेठ):

रेडिओ दुरुस्तीत माझे आयुष्य गेले, त्यामुळे फक्त पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो. गिटारमधले मला फार कळत नाही.

रेडिओ उघडण्यापूर्वी त्याची पिन काढलेली आहे ना, हे पाहा आणि मग व्हॉल्व्हवरील नंबर वाचा. नंबर 'यू' अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२ किंवा यूएल८४, यूवाय८५ असे असतील, तर तो ए.सी.-डी.सी. सेट आहे. अशा सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट एकामागे एक सिरीजमध्ये जोडून थेट लाइनवर चालवलेले असतात आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) मेनच्या एका तारेला जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खी चासी फेजवर येते. लाकडी खोका आणि बेकलाइटची बटणे असल्याने ऐकणाऱ्याला धोका नसे. पण त्याच चासीला गिटार लावणे म्हणजे लोखंडी तारांना थेट फेज देणे होय. त्यामुळे तो सेट ॲम्प्लिफायरसाठी विचारातही घेऊ नका. त्याचे व्हॉल्व्हही तुमच्या कामाचे नाहीत, कारण ते ६.३ व्होल्टवर चालत नाहीत. यूएल८४ च्या फिलामेंटला ४५ व्होल्ट लागतात.

नंबर 'ई' ने सुरू होत असतील, तर गोष्ट वेगळी. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ असा संच असेल, तर आत बहुधा खरा ट्रान्सफॉर्मर आहे आणि ईएल८४ सुस्थितीत असेल, तर तो गिटारला उत्तम चालतो. मात्र त्याला नऊ पिनांचा सॉकेट लागतो आणि कॅथोडला (व्हॉल्व्हच्या ऋण टोकाला) जोडायचा रेझिस्टन्स ६व्ही६ सारखा ४७० नव्हे, तर १३५ ओहमच्या आसपास लागतो, म्हणजे सर्किट बदलावे लागेल. ईसीएल८२ सापडल्यास एकाच काचेत ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा) आणि पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा) असे दोन्ही व्हॉल्व्ह मिळतात आणि त्यावर साडेतीन वॅटच्या आसपासचा छोटा ॲम्प्लिफायर होतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगळूरच्या कारखान्यातील व्हॉल्व्ह असतील, तर जपून ठेवा. तो माल चांगला होता.

जुने कंडेन्सर (कपॅसिटर) मात्र एकही वापरू नका. मेणाच्या कागदाचा कंडेन्सर बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून गळतो. मागच्या व्हॉल्व्हचा डी.सी. पुढच्याच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या जाळीवर) आला की आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट (धन टोक) लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आणि एक विनंती. सेट चालू स्थितीत असेल, तर तो मोडू नका. कोल्हापुरात चालू मर्फी किंवा बुश आता किती घरांत असतील?

शिरोलीकर (शिरोली पुलाची):

काकांनी रेडिओचे प्रकरण मिटवलेच आहे. मी ट्रान्सफॉर्मरविषयी लिहितो, कारण या सबंध प्रकल्पाचे यशापयश तिथेच ठरते. लोक मात्र महिनोन् महिने कपॅसिटरच्या रंगावर वाद घालत बसतात.

उद्यमनगरातील वाइंडर हे काम निश्चितच करू शकतात, परंतु त्यांना नुसते 'ऑडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर' असे सांगून उपयोग नाही. त्यांची सवय पॉवर ट्रान्सफॉर्मरची असते आणि त्या सवयीने ते कोअरच्या (लोखंडी गाभ्याच्या) ई आणि आय आकाराच्या पत्र्यांची स्टॅम्पिंग एक या बाजूने, एक त्या बाजूने असे आलटूनपालटून भरतात. चॅम्पमध्ये एकच ६व्ही६ असल्याने तिचा सुमारे ४० मिलिअँपियरचा डी.सी. प्रवाह प्रायमरीतून (ट्यूबकडच्या वाइंडिंगमधून) सतत वाहत असतो. स्टॅम्पिंग आलटूनपालटून भरली, तर हा प्रवाह कोअरला आधीच भरून टाकतो आणि वरून येणाऱ्या सिग्नलला जागाच उरत नाही. खर्जाच्या तारा पातळ वाजतात आणि आवाज चिरका होतो. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि दोहोंच्या मध्ये कागदाचा थर, अशीच बांधणी हवी. साध्या झेरॉक्सच्या कागदाचा एक थर सुमारे ०.१ मिलिमीटर असतो. चुंबकीय मार्ग मधल्या पायातून जाऊन बाहेरच्या पायांतून परत येत असल्याने तो कागदाला दोनदा ओलांडतो, म्हणजे एकूण फट ०.२ मिलिमीटर होते आणि आपल्याला तेवढीच हवी आहे. कागद घातलेला पाहून वाइंडर म्हणतील, 'साहेब, कोअर ढिली राहील.' त्यांना क्लॅम्प घट्ट आवळायला सांगावे, पण कागद काढू देऊ नये.

आकडे असे घ्यावेत. मधला पाय १ इंच आणि पत्र्यांची थप्पी १ इंच असलेली सिलिकॉन स्टीलची कोअर घ्या. प्रायमरीला ३६ गेजच्या इनॅमल तारेचे २५०० फेरे, सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) २२ गेजचे १०० फेरे आणि त्यातच ७१ व्या फेऱ्यावर एक टॅप (मधूनच बाहेर काढलेली तार). फेऱ्यांचे गुणोत्तर २५ असल्याने इंपीडन्सचे (ए.सी.ला होणाऱ्या रोधाचे) गुणोत्तर ६२५ होते, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६व्ही६ ला ५,००० ओहम दिसतो. टॅपवर ४ ओहमचा स्पीकरही तसाच दिसतो. गिटारचा सर्वांत खालचा ई सुमारे ८२ हर्ट्झचा. तिथपर्यंत आवाज टिकवायला प्रायमरीचे इंडक्टन्स ९ ते १० हेन्री पुरते आणि या बांधणीत हिशेबाने त्याहून बरेच अधिक मिळते. प्रायमरी मात्र एकसलग गुंडाळू नये: आधी १,२५० फेरे, त्यावर संपूर्ण सेकंडरी, त्यावर उरलेले १,२५० फेरे. दोन्ही अर्ध्या भागांची दिशा एकच असली पाहिजे आणि दर थराला इन्सुलेशनचा कागद हवा. तयार झाल्यावर पडताळणी सोपी आहे. प्रायमरीला कोणत्याही लहान ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट ए.सी. द्यावेत, सेकंडरीवर ०.४८ व्होल्ट दिसले पाहिजेत. उलटे, म्हणजे सेकंडरीला व्होल्ट देऊन, तपासू नये. तिकडे पंचवीसपट होऊन बाहेर पडतात.

शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून ओव्हनमध्ये भाजून घ्यावे. ज्या गावात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे हा खर्च टाळण्यात अर्थ नाही.

मेन ट्रान्सफॉर्मर त्यांच्या रोजच्या कामातलाच आहे: २७५-०-२७५ व्होल्ट ८० मिलिअँपियर, ६.३ व्होल्ट दीड अँपियर आणि ५ व्होल्ट २ अँपियर. प्रायमरीला २२०, २३० आणि २४० असे तीन टॅप मागून घ्या. २२० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला रात्री उशिरा २४० व्होल्ट मिळाले, तर फिलामेंटवर ६.३ ऐवजी ६.८७ व्होल्ट येतात आणि उच्च दाबही त्याच प्रमाणात चढतो. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक पडदा घालून तो चासीला जोडावा. त्याची दोन टोके मात्र एकमेकांना टेकू नयेत, नाहीतर तो शॉर्ट झालेला एक फेरा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो.

५ की १५ वॅट, याचे उत्तर लॉगॅरिथममध्ये आहे. तिप्पट शक्तीने आवाज ५ डेसिबलसुद्धा वाढत नाही. १ वॅटला १ मीटरवर ९५ डेसिबल देणारा गिटारचा स्पीकर घेतला, तर ५ वॅटला तो १०२ डेसिबल देतो. मंगळवार पेठेत तेवढ्यावरच शेजारी दार ठोठावतील.

सहातारी:

शिरोलीकर साहेब, हे कागदावर उतरवूनच वाइंडरकडे जातो. काका, आमचे दोन्ही रेडिओ 'यू' मालिकेचे निघाले, तेव्हा ते माळ्यावरच राहतील.

आता घरच्यांची काळजी मांडतो. वडिलांचे म्हणणे असे, की घरात ईएलसीबी बसवलेली आहे, त्यामुळे शॉक लागला तरी ती ट्रिप होईल आणि भिण्याचे कारण नाही. हे खरे आहे का? दुसरे असे, की चासी आणि बोर्ड कशाचे करावेत? 'बुटीक' बांधणीत टरेट बोर्डच (भाग जोडण्यासाठी धातूच्या खुंट्या ठोकलेली पाटी) हवा, असा आग्रह वाचला आहे.

वस्त्रनगरी (इचलकरंजी):

वडिलांना कृपया आजच सांगा, की ईएलसीबी या शॉकपासून वाचवत नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, एवढेच ती पाहते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या ३३० व्होल्टचा शॉक लागला, तर तो प्रवाह तुमच्या शरीरातून चासीत आणि चासीतून परत सेकंडरीत जातो. प्रायमरीच्या बाजूला फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळलेलाच राहतो आणि ईएलसीबी शांत बसते. ती घरात असावी, पण तिच्या भरवशावर उघड्या चासीत हात घालू नये.

भरवसा ठेवायचा तो पुढील गोष्टींवर. पहिल्या फिल्टर कपॅसिटरला २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (साठलेला विद्युतभार उतरवणारा रेझिस्टर) कायमचा जोडून टाका. एकूण ५४ मायक्रोफॅरड धरले, तर बंद केल्यावर ३३० व्होल्टचे ५० व्होल्ट व्हायला सुमारे २२ सेकंद लागतात; तरीही हात घालण्याआधी दर वेळी मीटरने मोजायचेच. चालू स्थितीत मोजताना मीटरची काळी तार क्लिपने चासीला लावून ठेवावी आणि डावा हात खिशात ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. तीन पिनांची वायर, हिरवी तार स्वतंत्र बोल्टने चासीला आणि फेजमध्ये ५०० मिलिअँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज हवा. पॉवरसाठीच्या वायरच्या अर्थिंगचा बोल्ट पावडर कोटिंगच्या वर बसवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तिथला रंग खरवडून उघड्या धातूवरच तो आवळावा. पेठेतल्या जुन्या घरांत बोर्डच्या तिसऱ्या छिद्रात तारच नसते किंवा ती न्यूट्रलला जोडलेली असते, त्यामुळे वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गिटारच्या तारा चासीशी जोडलेल्या असतात आणि गाणाऱ्याचे ओठ माइकला लागलेले असतात, हे विसरू नये.

प्रथम चालू करताना सिरीज बल्ब (मेनच्या तारेत मध्येच जोडलेला बल्ब) लावावा. जुना फिलामेंटचा ६० वॅटचा बल्ब हवा. एलईडी बल्बचा इथे काही उपयोग नाही. ट्यूब न लावता चालू केले आणि बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. लख्ख पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग ट्यूब लावाव्यात, पण स्पीकर जोडल्याखेरीज कधीही नाही. भार नसताना प्रायमरीवर उसळणारा दाब वाइंडिंगचे इन्सुलेशन फोडतो.

सर्व सुरळीत चालले, की थेट मेनवर घेऊन ६व्ही६ चा हिशेब करा. समजा, ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १९ व्होल्ट मिळाले. म्हणजे ४०.४ मिलिअँपियर, त्यातून ट्यूबमधल्या स्क्रीन या दुसऱ्या जाळीचे अडीच-तीन वजा करून ३८ धरू. प्लेटवर ३२० व्होल्ट असतील, तर कॅथोडपासून ३०१. गुणाकार ११.४ वॅट. ६व्ही६ ची जुन्या डेटाशीटमधील मर्यादा १२ वॅट आहे, तेव्हा उत्तम. गुणाकार १३-१४ वर गेला, तर रेझिस्टर ५६० ओहमचा करावा. हा रेझिस्टर ५ वॅटचा, वायरवाउंड घ्या.

बोर्डबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. जुन्या फेंडरमध्ये मेणात भिजवलेला काळा फायबर बोर्ड असे आणि तोच दमट हवेत पाणी शोषून थोडा थोडा वीज वाहू लागतो, ही त्या ॲम्प्लिफायरची प्रसिद्ध व्याधी आहे. ती हौसेने नक्कल करण्यात काय हशील? बाजारात मिळणारी हायलम शीटही कागदाचीच असते. ग्लास इपॉक्सीची ३ मिलिमीटरची शीट घेऊन त्यात पितळी टरेट ठोकावेत. चासीसाठी २ मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरते. ड्रॉइंग दिल्यास लेझर कटिंगवाले सॉकेटची सगळी भोके एकाच वेळी कापून देतात.

'बुटीक' म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल, तर ट्रेनरेक या अमेरिकन ॲम्प्लिफायरांचे निर्माते केन फिशर आठवावेत. आपल्या ॲम्प्लिफायरांना ते क्रमांकाऐवजी स्त्रियांची नावे देत. त्यांच्या कामात तार कुठून न्यायची आणि कोणापासून दूर ठेवायची, याला भागांच्या किमतीपेक्षा अधिक वजन होते. अमेरिकेतलेच दुसरे निर्माते अलेक्झांडर डंबल तर आपल्या सर्किटवर इपॉक्सी ओतून ते झाकत. लोक त्या इपॉक्सीखाली जादूचा कपॅसिटर शोधत राहिले. तुमच्या बाबतीत ०.०२ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा कोणताही बरा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर चालेल आणि वाचलेल्या पैशात स्पीकर एक पायरी वरचा येईल.

मांडणीत मात्र कंजुषी नको. फिलामेंटच्या तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्याला धरून न्याव्यात. ६.३ च्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल, तर दोन्ही टोकांपासून १०० ओहमचे एकेक रेझिस्टर चासीला द्यावेत. १२एएक्स७ च्या पहिल्या ग्रिडवरचा ६८ किलोओहमचा रेझिस्टर जॅकवर न लावता थेट सॉकेटच्या पिनेवर लावावा. ट्रान्सफॉर्मरची जागा ठरवण्याची एक युक्ती अशी: भोके पाडण्यापूर्वी मेन ट्रान्सफॉर्मर पुठ्ठ्यावर ठेवून फक्त त्याची प्रायमरी चालू करा आणि इतर टोके टेप लावून बंद ठेवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कशालाही न जोडता त्याच्या सेकंडरीला हेडफोन लावा, प्रायमरीची टोकेही टेपने झाका आणि तो हळूहळू फिरवत न्या. घूंऽऽ असा आवाज येत असतो, तो एका विशिष्ट कोनात जवळजवळ नाहीसा होतो. तिथेच पेन्सिलने खूण करावी. बहुधा दोन्ही कोअर एकमेकींशी काटकोनात आलेल्या दिसतील.

तारशहनाई (मिरज):

खोक्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून एवढेच. एमडीएफ वापरू नये. पावसाळ्यात कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. फेंडरचे मूळ खोके पाइनच्या फळ्यांचे असत आणि पाइन आपल्याकडे मशिनरीच्या पॅकिंगच्या पेट्यांतून सहज मिळते. १८ मिलिमीटरची कोरडी फळी, सुताराकडून कोपऱ्यांना फिंगर जॉइंट आणि मागची बाजू अर्धी उघडी. मूळ चॅम्पला ८ इंची स्पीकर होता. खोका थोडा मोठा करून १० इंची बसवल्यास खर्ज अधिक भरीव येतो. ट्यूब खाली तोंड करून टांगल्या जाणार असतील, तर ६व्ही६ ला पकडणारी स्प्रिंगची क्लिप विसरू नका.

सहातारी:

सर्वांचे आभार. आता एकच शंका उरली. ५वाय३ आणि तिचा ५ व्होल्टचा वाइंडिंग हा खर्च वाचवून दोन सिलिकॉन डायोड लावले तर चालेल का? वाइंडरने स्वतःहून तसे सुचवले आहे.

शिरोलीकर:

या ट्रान्सफॉर्मरवर चालणार नाही. ५वाय३ स्वतःवर सुमारे ५० व्होल्ट खाते, म्हणून २७५ चे आपल्याला ३३० च्या आसपास मिळतात. डायोड जवळजवळ काहीच खात नाहीत. २७५ ला १.४१४ ने गुणले, तर ३८९ होतात. भाराखाली थोडे उतरले, तरी ६व्ही६ ला ते जड जाईल. शिवाय डायोड पहिल्याच क्षणी सगळा दाब देतात, म्हणजे ट्यूब थंड असताना कपॅसिटरवर पूर्ण ३८९ व्होल्ट किंवा अधिक येतात आणि ४०० व्होल्टचे कपॅसिटर काठावर राहतात. डायोडच हवे असतील, तर वाइंडिंग २४०-०-२४० चे मागावे. मात्र जोराने वाजवल्यावर दाब किंचित खचतो आणि आवाज दबून पुन्हा वर येतो, तो गुण ५वाय३ मुळे येतो आणि चॅम्प घेणारे तोच शोधत असतात. वाइंडरला सांगा, की ५ व्होल्ट २ अँपियरचा वाइंडिंग ठेवायचा आहे आणि त्याचे इन्सुलेशन उच्च दाबाला टिकणारे हवे, कारण ५वाय३ चा फिलामेंट ३३० व्होल्टवरच बसलेला असतो. हे न सांगितल्यास तो ६.३ च्या शेजारी साध्या कागदावर गुंडाळून देईल.